तीनशे चौदा मीटर

बाईंना धावताना ज्यांनी पहिल्यांदा पाहिलं, त्या सगळ्यांचा समज एकच झाला, की यांची बस चुकली आहे. एक गृहस्थ तर इतके सज्जन निघाले, की त्यांनी पुढे होऊन बस थांबवून धरली. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आतली माणसं खिडकीतून "या, या, सावकाश या" म्हणतायत, आणि बाई लालबुंद चेहऱ्याने दारासमोरून सरळ पुढे निघून गेल्या. "मला यायचं नाही" एवढंच त्यांना सांगायचं होतं. पण त्या वाक्याला जेवढा श्वास लागतो तेवढा त्यांच्यापाशी शिल्लक नव्हता.

बाई म्हणजे मोजणी कार्यालयातल्या बाई. वय एकोणपन्नास. वजन डॉक्टरांनी एका कागदावर लिहून दिलं होतं आणि बाईंनी तो कागद चार घड्या घालून चष्म्याच्या घरात कोंबला होता. चोवीस वर्षं त्या फील्डवर होत्या. रस्ते, प्लॉट, कुंपणं, भिंती. दोन शेजारी भिंतीवरून एकमेकांच्या उरावर बसलेले असायचे, तिथे बाई जायच्या, चाक फिरवायच्या, टेप ताणायच्या आणि आकडा सांगायच्या. मग दोन्ही बाजू गप्प. बाईंनी सांगितलं म्हणजे विषय संपला. घरात त्यांच्या सांगण्याने कुठलाही विषय कधी संपत नसे, म्हणून हे सुख त्यांना फार मोलाचं वाटे.

आणि याच सुखावर साहेबांनी घाला घातला. तंदुरुस्ती धोरण नावाचं एक पत्रक निघालं. पंचेचाळिशीच्या वरच्या फील्ड कर्मचाऱ्यांनी वार्षिक मेळाव्याच्या दिवशी पाच किलोमीटर अंतर पंचेचाळीस मिनिटांच्या आत पार करायचं. जमलं तर फील्ड, नाही तर रेकॉर्ड रूम.

"बाई, हे तुमच्या काळजीपोटीच आहे," साहेब म्हणाले. साहेब सत्तेचाळीस वर्षांचे, सडपातळ, आणि मनगटावर असं घड्याळ बाळगणारे की जे मधूनच त्यांना 'उठा, हिंडा' म्हणून गुदगुल्या करायचं. "उन्हातान्हात किती दिवस फिरणार? रेकॉर्ड रूममध्ये कसं, निवांत. डोक्यावर पंखा आहे."

"पंखा बंद आहे, साहेब. चार वर्षं झाली."

"दुरुस्त करून घेऊ की."

"म्हणजे मी नापास होणार, हे पंख्याला आधीच कळवून ठेवायचं?"

साहेब हसले. सही करायचा कागद त्यांनी पुढे सरकवला.

रेकॉर्ड रूम तळघरात होती. छतापर्यंत गुंडाळलेले नकाशे, एक लुकलुकणारी ट्यूब, दोन खुर्च्या. त्यातली एक भिंतीला टेकवली तरच उभी राहायची. तिथे अकरा वर्षांपासून असलेले रेकॉर्डवाले भाऊ आता वर आले तरी कुजबुजतच बोलत. बाईंनी सही केली. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं.

घरी नवऱ्याने बातमी ऐकून हातातली कवळी खाली ठेवली. तो कवळ्या बनवायचा. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्याच्या टेबलावर तयार झालेलं. "अगं, पाच किलोमीटर? लग्नानंतर आपण एका दमात एवढं चाललोसुद्धा नाही."

"तुम्ही नाही चाललात. मी रोज चालते. फक्त धावत नाही."

"मग धावायला कुठून सुरुवात करणार?"

"दारापासून," सासूबाई म्हणाल्या.

सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, लांब पल्ल्याचे कॉल जोडण्यात गेलेली. तीन मिनिटं झाली की लोकांच्या संभाषणात घुसून 'तीन मिनिटं झाली, वाढवू की कापू?' असं विचारायचं, हे त्यांनी एकतीस वर्षं केलं होतं. कुणाचं प्रेमाचं बोलणं चालू आहे की मयताची बातमी, त्यांनी कधी भेद केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला त्या स्वयंपाकघरातला टायमर घेऊन बागेच्या बाकावर हजर. बाईंनी एक मिनिट धावायचं आणि दोन मिनिटं चालायचं, असा पहिल्या आठवड्याचा बेत होता. चाळीस सेकंदांतच बाईंना कळलं, की फुप्फुसं नावाची जी दोन माणसं आपण एकोणपन्नास वर्षं फुकट पोसली, त्यांनी आजवर काडीचं काम केलेलं नाही. पोटरीत गोळा, बरगडीत कळ. बाई झाडाला धरून उभ्या राहिल्या.

"वाढवू की कापू?" बाकावरून आवाज आला.

"कापा, आई," बाई म्हणाल्या.

सासूबाईंनी टायमर पिरगाळला. "उद्या वाढवते," त्या म्हणाल्या. ती विचारणा नव्हती.

फोनमधलं ॲप बाईंनी चार दिवसांत काढून टाकलं. बागेच्या एका फेरीला ते कधी सहाशे ऐंशी मीटर म्हणायचं, कधी पाचशे नव्वद. एकदा तर त्याने बाईंना तळ्याच्या मधून धावत नेलं. बाईंनी मोजणीचं चाक आणून बागेची बाहेरची कड मोजली. सहाशे बारा. मग धावताना पावलं मोजली. पाऊल भरलं सत्तर सेंटिमीटरचं. बास. शंभर पावलं झाली की डाव्या हाताचा अंगठा एक पेर पुढे सरकवायचा. चार बोटांची बारा पेरं संपली की उजव्या अंगठ्याने एक पेर सरकायचं. पाच किलोमीटर म्हणजे सात हजार एकशे त्रेचाळीस पावलं. उजवीकडे पाच पेरं, डावीकडे अकरा, वर त्रेचाळीस. आता पाच किलोमीटर बाईंच्या मुठीत मावत होते. पायांत मावायचे बाकी होते.

या चाकाबद्दल इथेच सांगायला हवं. लांब दांडा, खाली चाक, वर काउंटर. चाकाचा एक फेरा म्हणजे बरोबर एक मीटर, आणि काउंटर फेरे मोजतो. ऑफिसात अशी चाकं दोन. एक ऑफिसने बाईंना दिलेल्या गाडीत असायचं. दुसऱ्याचा रबरी पट्टा मध्यंतरी उकलून निघाला होता. बाईंनी त्या चाकाला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली, 'वापरू नये', आणि ते कपाटात ठेवलं. नव्या पट्ट्यासाठी त्यांनी तीन अर्ज केले. तिन्हींवर साहेबांचा शेरा एकच होता: 'सध्या आवश्यकता नाही.'

आठवडे गेले. एका मिनिटाची तीन झाली, तिनाची आठ. बस थांबवणाऱ्या गृहस्थांनी थांबवणं सोडलं. आता ते नुसताच हात करत. एक आठवडा गुडघ्याने संप केला. दुसऱ्या एका आठवड्यात बाई कोणतंही कारण नसताना इतक्या छान धावल्या, की घाबरून डॉक्टरांकडे गेल्या. वजन दोन किलो उतरलं; एक किलो परत आलं. कागद चष्म्याच्या घरातच राहिला.

ऑफिसातला ड्रोनवाला मात्र टिंगल करायचा थांबला नाही. तिशीचा, चुणचुणीत, आणि बाई तळघरात गेल्या की त्यांची गाडी आपल्याला मिळणार हे साहेबांकडून ऐकलेला. "बाई, तुमचे तीन किलोमीटर झाले की आवाज द्या हं," तो जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर म्हणाला. "तोवर मी ड्रोनची बॅटरी चार्ज करून घेतो. दोन्ही बॅटऱ्या."

"कर बाबा," बाई म्हणाल्या. "तुझा ड्रोन जरा वारा सुटला की झाडात जाऊन बसतो. मी अजून एकदाही झाडात बसलेली नाही."

"बसायला फांदी नको का तेवढी?" मागून कुणीतरी बोललं. टेबल हसलं. बाईंनी डबा बंद केला. त्या दिवशी संध्याकाळी त्या बागेत दोन फेऱ्या जास्त धावल्या. सासूबाईंनी त्या फेऱ्यांत तोंड उघडलं नाही, आणि त्यांच्यासाठी हे काही कमी नव्हतं.

मेळाव्याची सकाळ उजाडली. ऑफिसच्या फाटकावर कमान, कमानीखाली लाल फीत, बाजूला केळी, बिस्किटं, लिंबूपाणी. पंचेचाळिशीच्या वरचे अकरा जण छातीवर आकडे लावून उभे. साहेबही त्यांत होते; नियम त्यांनाही होता आणि त्यांना तो आवडत होता.

"मार्ग मी जातीने मोजला आहे," साहेब माइकवरून म्हणाले. "आपल्याच कार्यालयाच्या चाकाने. मीटरभराचाही फरक सापडणार नाही!"

बाई मागे बुटाची नाडी बांधत होत्या. चाक म्हणजे आपल्या गाडीतलंच, असं त्यांनी गृहीत धरलं. शर्यतीच्या तोंडावर माणूस फार चौकशा करत नाही.

शिट्टी झाली. साहेब वाऱ्यासारखे गेले. बाकीचे त्यांच्या मागे, आणि बाई बाकीच्यांच्या मागे. फाटकातून डावीकडे, वेअरहाऊसच्या लांब भिंतीला धरून, पाण्याच्या टाकीला वळसा, कालव्याच्या कडेने परत. टाकीपर्यंत बाई सर्वांत शेवटी होत्या. टाकीपाशी त्यांनी वाहनविभागाच्या हेडक्लार्कला मागे टाकलं. तो बसला होता. तरी त्यांनी ते धरलं.

कालव्यावर एक एक पेर सरकत गेलं. आत कुणीतरी सुरी फिरवल्यासारखी बरगडी दुखत होती. थांब, असं पाय म्हणत होते. पंखा चार वर्षं बंद आहे, असं डोकं म्हणत होतं. कमान दिसू लागली. पोचलेली मंडळी केळी खात टाळ्या वाजवत होती. वेळ सांगायला बसलेला कारकून ओरडला, "बेचाळीस मिनिटं वीस! बाई, आलात! या!"

बाईंनी सवयीने मुठीकडे पाहिलं.

उजवा अंगठा पाचव्या पेरावर. डावा सहाव्या पेरावर, आणि वर नव्वदएक पावलं. म्हणजे सहा हजार सहाशे नव्वद. कमान तर चार पावलांवर. हवी होती सात हजार एकशे त्रेचाळीस.

मी चुकले, असं त्यांना आधी वाटलं. पण दमलेल्या माणसाचं पाऊल आखडतं. आखडलं तर पावलं जास्त भरायला हवीत. ही तर साडेचारशे कमी. मग रस्ताच कमी. आणि तेवढ्यात त्यांना कमानीच्या खांबाला टेकवलेलं चाक दिसलं. साहेबांनी शोभेसाठी त्याला लाल रिबीन बांधली होती. रिबिनीखाली पुठ्ठ्याची चिठ्ठी. चिठ्ठीवर बाईंचं अक्षर. आणि चाकाला पट्टा नव्हता. नुसती उघडी धातूची कड.

रबर एक सेंटिमीटर जाडीचं होतं. ते गेलं की चाक लहान होतं आणि एका फेऱ्यात मीटरऐवजी चौऱ्याण्णव सेंटिमीटरदेखील जेमतेम पडतं. काउंटर बिचारा मीटरच धरतो. पाच हजार फेऱ्यांत तीनशेहून जास्त मीटर गायब. हा हिशेब बाईंना धावता धावता करावा लागला नाही. तो चोवीस वर्षं अंगात होता.

प्रत्येकासाठी पुन्हा ताणली जाणारी फीत समोर होती. फितीपलीकडे फील्ड, गाडी, उन्हातली भिंत, दोन गप्प झालेले शेजारी. बेचाळीस मिनिटं अठ्ठावीस. फितीला नुसता हात लावायचा. कुणाला कळणार होतं? पोचलेल्या सगळ्यांच्या मनगटांवर आणि फोनांवर चार पूर्णांक सात आलं होतं, आणि प्रत्येकाने आपलं यंत्र स्वस्तातलं आहे असं समजून हात खाली केला होता. साहेबांचं घड्याळ महागातलं होतं, म्हणून त्यांनी ते दुरुस्तीला टाकायचं ठरवलं होतं.

पण मग उद्या त्या भिंतीपाशी उभं राहून आकडा कोणत्या तोंडाने सांगायचा? ज्या कामासाठी हा सगळा जीव काढला, ते कामच हे होतं.

बाई फितीला घेऊनच पुढे गेल्या. फीत पोटाला गुंडाळली गेली आणि मागे फडफडू लागली. त्या थांबल्या नाहीत.

"बाई! अहो बाई, झालं!" कारकून उभा राहिला.

"थांबा! पास झालात!" साहेब केळं हातात घेऊन धावत आले. "बाई, कुठे निघालात?"

"वेडबीड लागलं का यांना?" ड्रोनवाला म्हणाला. "हवा गेली वाटतं डोक्यात."

बोलायला श्वास लागतो आणि बाईंचा सगळा श्वास ठरलेल्या ठिकाणी जायचा होता. सातवं पेर. आठवं. रस्ता बस डेपोकडे चढत होता. मागे आवाजांचा गलका होता, आणि त्या गलक्यातून एक आवाज वर आला. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या बोलण्यात घुसून तासलेला, खणखणीत.

"वाढवा!"

काय चाललंय हे कमानीशेजारच्या बाकावर बसलेल्या सासूबाईंना ठाऊक नव्हतं. सुनेचा अंगठा अजून फिरतोय, एवढं मात्र त्यांनी पाहिलं होतं.

अकरावं पेर. त्रेचाळीस पावलं. बाई थांबल्या, खिशातला पिवळा खडू काढून त्यांनी रस्त्यावर आडवी रेघ मारली, आणि मग त्याच रेघेवर दोन्ही हात टेकून बसल्या.

परत आल्या तेव्हा सगळे वाट पाहत होते.

"पंचेचाळीस एकतीस," कारकून हळूच म्हणाला. "तुम्ही रेघ मारलीत तेव्हा. मी घड्याळ बंद केलेलं नाही. काय करायचं ते कळेना."

"बाई, हा काय पोरखेळ?" साहेबांचा आवाज चढला होता. "बेचाळीस तीसला तुम्ही इथे होतात. पास होतात!"

"साहेब, पाच किलोमीटर इथे नाहीत. तिथे आहेत." बाईंनी खडूच्या रेघेकडे बोट केलं. मग पोटाची फीत सोडवली, चाकाची रिबीन सोडली आणि चिठ्ठी सुलटी केली.

साहेबांनी ती वाचली. वाचायला दोनच शब्द होते, पण त्यांना बराच वेळ लागला. "हे... हे रिबीन बांधणाऱ्याने सांगायला नको?"

"रिबीन तुम्हीच बांधलीत, साहेब," कारकून म्हणाला, आणि लगेच बिस्किटांकडे वळला.

"माझ्या गाडीतलं चाक आण," बाई ड्रोनवाल्याला म्हणाल्या. "इथपासून रेघेपर्यंत मोज. तूच मोज."

ड्रोनवाल्याने मोजलं. जाताना तो हसत होता, येताना नव्हता. "तीनशे अकरा."

दरम्यान बाईंनी उघड्या चाकाचा घेर टेपने घेतला होता. "कमतरता तीनशे चौदाची निघते. म्हणजे आज इथे कुणीही पाच किलोमीटर धावलेलं नाही."

एव्हाना येऊन पोचलेल्या हेडक्लार्कने अर्धं केळं सालीत परत गुंडाळलं. मग साहेबांचा चेहरा एकाएकी उजळला.

"तीनशे चौदा हवेत, आणि तुम्ही धावलात तीनशे अकरा! म्हणजे बाई, तुमचेही तीन मीटर कमीच की!"

बाईंनी जरा विचार केला. शेवटच्या चढावर पाऊल आखडलं असणार. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

त्या वळल्या आणि तीनशे अकरा मीटर चालत परत गेल्या. सगळे बघत होते. रेघेपाशी त्यांनी नाडी घट्ट केली, तीन मीटर धावल्या, जुनी रेघ बुटाने पुसली आणि नवी मारली. मग तिथूनच ओरडल्या, "वेळ लिहा!"

कारकुनाने लिहिली. कार्यालयाच्या दप्तरात ती आजही आहे: पाच किलोमीटर अंतर पूर्ण करणारे कर्मचारी, एक. वेळ, एक तास चार मिनिटं. शेरा, अनुत्तीर्ण.

"मी नापास," बाई साहेबांना म्हणाल्या. "मला रेकॉर्ड रूमची किल्ली द्या. पण बाकीच्या दहा जणांनाही द्यावी लागेल. पत्रकात 'पाच किलोमीटर' लिहिलंय, आणि खाली सही तुमची आहे. तुमच्यासकट अकरा होतात. तळघरात खुर्च्या दोन आहेत, त्यातली एक टेकवावी लागते."

रेकॉर्डवाले भाऊ मागून कुजबुजले, "मला चालेल. सोबत होईल."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. ते नेमकं त्याच क्षणी 'उठा, हिंडा' म्हणालं.

पंधरा दिवसांनी शर्यत पुन्हा घ्यायची, असा आदेश निघाला. खाली हाताने लिहिलेली एक ओळ होती: 'मार्गाची मोजणी बाईंनी करावी.' त्याच दिवशी पट्ट्यासाठी केलेला बाईंचा चौथा अर्ज आला, आणि त्यावर शेरा पडला: 'मंजूर. तातडीने.'

बाईंना एकतीस सेकंद शोधायचे होते. त्यांनी ते बागेत शोधले, डेपोच्या चढावर शोधले. नवऱ्याने जेवताना विचारलं, "अगं, तुझ्या हातात होतं सगळं. फितीला हात लावून मोकळी झाली असतीस. कशाला सोडलंस?"

"तुम्ही एक दात कमी बसवून कवळी देता का कुणाला?"

नवरा विचारात पडला. "पुढचा असेल तर नाही," तो म्हणाला.

मार्ग मोजून बाईंनी कागद साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी तो दोनदा वाचला. "पाच हजार पाच? हे वरचे पाच मीटर कशाला?"

"कमी पडू नयेत म्हणून."

"तुम्हालाही धावावे लागतील ते."

"मलाच जास्त जड जातील," बाई म्हणाल्या. "सही करा."

दुसऱ्या शर्यतीत साहेब पहिले आले, पण या वेळी माइकपाशी न जाता सावलीत जाऊन बसले. हेडक्लार्क टाकीपाशीच राहिला. एक एक करत बाकीचे आले आणि कमानीखाली रस्त्याकडे डोळे लावून उभे राहिले. चव्वेचाळीस मिनिटं झाली तरी कालव्याच्या वळणावर कुणी नव्हतं. मग निळा टी-शर्ट दिसला, लालबुंद चेहरा दिसला, सरकणारे अंगठे दिसले. बाकावरच्या सासूबाई टायमर छातीशी धरून उठल्या.

"चव्वेचाळीस एक्कावन्न!" कारकून किंचाळला. "बाई, पास! पास!"

फीत तुटली. बाईंनी मुठीकडे पाहिलं आणि त्या तशाच पुढे धावत गेल्या.

कमानीखालच्या सगळ्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. साहेब सावलीतून उठले. दोघा-तिघांनी हातातलं लिंबूपाणी टाकलं आणि बाईंच्या मागे धावायला सुरुवात केली. ड्रोनवाला, ज्याला कसलीच अट नव्हती, तोही धावला. चाळीस पावलांवर बाई थांबल्या, वाकल्या आणि डेपोच्या भिंतीतल्या नळाखाली त्यांनी डोकं धरलं.

आकडा जुळला होता. नळ पुढे होता, एवढंच.